जे ऐकू येत नाही ते : चावीचा ग्रामोफोन आणि सुरुवातीचं जॅझ

टेबलावर ठेवलेल्या या पेटीकडे सगळ्यांचं लक्ष आहे आणि व्याख्यात्याकडे कोणाचंच नाही, हे आमच्या ध्यानात आलंय. त्यात वावगं काही नाही, पेटी दिसायला आमच्यापेक्षा बरी आहे. (हशा.) एचएमव्हीचा प्रवासी ग्रामोफोन आहे हा. कर्णा दिसत नाही, कारण तो घडी घालून पेटीच्या पोटात बसवलेला आहे. बाजूला ही चावी. ती फिरवली की आतली स्प्रिंग ताणली जाते, आणि एक तबकडी वाजेपर्यंत ती सैल होत जाते. वीज नाही, बॅटरी नाही, आवाज कमी-जास्त करायचं बटणही नाही. शेजारच्यांना त्रास होत असेल तर झाकण लावायचं, एवढीच सोय.

आजचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी विचारलं होतं, ‘म्हणजे जुन्या आठवणी सांगणार का?’ आम्ही म्हटलं, नाही. आठवणी सांगायच्या तर आमच्या लहानपणी घरात बालगंधर्वांच्या तबकड्या वाजत, जॅझ नव्हे. न्यू ऑर्लिन्स आणि शिकागो इथल्या १९२०च्या दशकातल्या संगीताशी आमचं जन्मानं काही नातं नाही. आमच्या बाबतीत ती स्मरणरंजनाची गोष्ट असूच शकत नाही, आणि म्हणूनच प्रश्न सोपा होतो. आज हेच संगीत फोनवर, अधिक स्वच्छ आवाजात, फुकट मिळतं. मग चावी फिरवत, सुई बदलत, खरखर सोसत ते ऐकण्यात आनंद कसला? आणि तो आनंद खरा आहे, की आपण स्वतःची समजूत घालतोय?

शौकीन मंडळींचं यावरचं उत्तर ठरलेलं असतं. ‘ग्रामोफोनवर खरा आवाज येतो.’ हे उत्तर चुकीचं आहे, असं आमचं मत आहे. आज आपण हे उत्तर बाजूला ठेवू आणि दुसरं शोधू.

आधी यंत्राबद्दल दोन शब्द. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण कसं होई? खोलीत एक मोठा कर्णा असे. वादक त्याच्यासमोर उभे राहत. त्यांच्या आवाजानं कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरे, त्या थरथरीनं एक टोकदार सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरत जाई. बस्. मायक्रोफोन नाही, ॲम्प्लिफायर नाही. आणि वाजवताना याच्या उलट: सुई रेघेतून जाते, पडदा थरथरतो, कर्ण्यातून आवाज येतो. म्हणजे त्या काळची तबकडी अशा पेटीवर लावली, तर वादकाची फुंकर मेणावर कोरली जाताना आणि तबकडीवरून आपल्या कानापर्यंत येताना आवाजाचा विजेशी संबंध येत नाही. हे ऐकलं की मंडळी हरखून जातात. साहजिक आहे.

आणि तबकडी कशाची? लाखेची. आपल्याकडे बांगड्यांची असते तीच लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात, ती छोटा नागपूरच्या जंगलांतून गोळा होऊन जगभर जाई. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जाई. भुकटी कशाला? तर सुई झिजावी म्हणून. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून रेघेच्या आकाराची व्हावी, अशी ती योजना होती. सुईनं झिजायचं, तबकडीनं नाही. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची. हा नियम लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

आता संगीताकडे येऊ. जॅझची पहिली तबकडी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित झाली. ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ची. पाच गोरे वादक. ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’मध्ये वाद्यांतून कोंबडा आरवतो, घोडा खिंकाळतो, गाय हंबरते. तबकडी तुफान खपली. आम्हाला विचाराल तर त्यात गंमत आहे, वेग आहे, पण एकदा गाय हंबरली की दुसऱ्यांदा ऐकायला काही उरत नाही. ज्यांच्या वस्त्यांत हे संगीत घडलं ते काळे वादक मात्र तबकडीवर यायला आणखी काही वर्षं लागली. म्हणजे जॅझच्या ध्वनिमुद्रित इतिहासाचं पहिलं पानच एका अनुपस्थितीचं आहे. ‘अनुपस्थिती’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतोय.

ज्या तबकडीबद्दल सविस्तर बोलायचं आहे ती १९२३ ची. एप्रिल महिना. ‘किंग ऑलिव्हर्स क्रिओल जॅझ बँड’ शिकागोहून इंडियाना राज्यातल्या रिचमंड या गावी आला. तिथे पियानो बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आवारात जेनेट नावाच्या कंपनीचा स्टुडिओ होता. शेजारून रेल्वेचे रूळ जात. गाडी आली की काम थांबवावं लागे. बँडमध्ये दोन कॉर्नेट होते. एक स्वतः जो ऑलिव्हर, दुसरा बाविशीच्या आतला लुई आर्मस्ट्राँग. क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ट्रॉम्बोनवर ऑनोरे डुट्रे, पियानोवर लिल हार्डिन, ड्रमवर जॉनीचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स, आणि बिल जॉन्सन.

पुढे लिल हार्डिननं एक आठवण सांगितली आहे. कर्ण्यासमोर सगळे उभे राहिले तर आर्मस्ट्राँगच्या आवाजात ऑलिव्हर बुडून जाई. म्हणून आर्मस्ट्राँगला दूर, कोपऱ्यात उभं केलं. बिचारा एकटा, हिरमुसला होऊन उभा. बिल जॉन्सन मुळात डबल बास वाजवणारा, पण त्या मुद्रणात त्याच्या हाती बँजो आहे, कारण बासचा खर्ज कर्ण्याला पकडता येत नसे. आणि बेबी डॉड्स? मोठ्या ड्रमचा ठोका पडला की मेणावरची सुई उडे. म्हणून ड्रम गप्प. त्याला लाकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला.

म्हणजे बघा. दुरून आलेला आर्मस्ट्राँग, नसलेला बास, गप्प ड्रम. शिकागोच्या लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात हाच बँड रात्र रात्र वाजवी, लोक नाचत, दोघा कॉर्नेटवाल्यांची ऐन वेळची जोडउपज ऐकायला इतर बँडचे वादक येऊन बसत. त्यातलं तबकडीवर उतरलं ते तीन मिनिटं, आणि तेही ताल काढून घेतलेलं. आपल्याकडे समजा कोणी म्हटलं, मैफल मुद्रित करू, पण तबल्याचा डग्गा नको आणि तरुण गवय्यानं दाराबाहेर उभं राहून गावं, तर?

आता ‘ग्रामोफोनवर खरा आवाज येतो’ या म्हणण्याचं काय झालं? कुठला खरा? लिंकन गार्डन्समधला खरा आवाज तबकडीवर कधी उतरलाच नाही. आणि तबकडीवर जे उतरलं, तेही ही पेटी पूर्णपणे बाहेर काढत नाही. आधुनिक उपकरणांनी त्याच रेघेतून कितीतरी अधिक मिळवता येतं. आमच्या लेकीनं तिच्या हेडफोनवर ‘डिपरमाउथ ब्लूज’ ऐकवलं तेव्हा बँजोचा एक एक ठोका मोजता आला. प्रामाणिकपणे कबूल करायला हवं: जे रेघेत आहे ते ऐकायचं असेल तर फोन बरा.

पण आम्ही हीच तबकडी एकदा चावीच्या यंत्रावरही ऐकली आहे. १९८०च्या दशकात आम्ही काही महिने शिकागोत होतो. तिथे एका वयस्कर संग्राहकाशी ओळख झाली. त्यांच्याकडे जेनेटची मूळ प्रत होती आणि कपाटाएवढा व्हिक्ट्रोला. पाहुण्याला तबकडी एकदाच ऐकवायची असा त्यांचा दंडक. दुसऱ्यांदा मागायचं नाही. त्यांनी चावी फिरवली, नवी सुई लावली आणि हात मागे बांधून उभे राहिले. आम्हीही उभेच राहिलो. का कोण जाणे, बसावंसं वाटलं नाही.

मधे ऑलिव्हरचा एकल भाग येतो. तोंडाशी मूट धरून, स्वर उघडत मिटत, माणूस बोलल्यासारखा तो वाजवतो. फार थोडे स्वर, तेच फिरवून फिरवून, पण दर फेरीत पकड घट्ट होत जाते. आमच्या मते सुरुवातीच्या जॅझमधला हा सर्वांत काटकसरी आणि म्हणून सर्वांत परिणामकारक एकल भाग आहे. तो संपता संपता एक माणूस ओरडतो, ‘वाजव रे वाजव’ अशा अर्थाचं काहीतरी. बेबी डॉड्सच्या सांगण्यानुसार, तिथे त्याचा तुकडा होता, तो विसरला, आणि पोकळी भरायला बिल जॉन्सन ओरडला. चूक सावरण्यासाठी मारलेली आरोळी! पण तबकडीवर गेली. मग पुढे ज्यानं ज्यानं हे गाणं वाजवलं त्यानं त्यानं ती आरोळी ठरल्या जागी मारली. ऑलिव्हरचे ते स्वरही पिढ्यान्‌पिढ्या वादकांनी जसेच्या तसे पाठ केले. एका दुपारची उपज, एका क्षणाची चूक, तिचा पाठ झाला. पोथी झाली म्हणा. जॅझ आधी होतं आणि तबकडीनं ते फक्त टिपलं, असं आपण समजतो. खरं तर आपण ज्याला जॅझ म्हणतो त्याचा बराच भाग तबकडीनं घडवला आहे.

त्या संध्याकाळी तीन मिनिटांत एक गोष्ट आम्हाला जाणवली, ती हेडफोनवर जाणवली नव्हती. खोलीत काहीतरी नव्हतं. पाय ठेका धरू पाहत होते आणि जिथे ठोका पडायला हवा तिथे लाकडाचा टक् असा हलका आवाज येत होता. ड्रम नाहीत हे आम्ही वाचलं होतं. त्या दिवशी ते नसणं ऐकू आलं.

नसणं ऐकू येतं का? इथे आमच्या मूळ व्यवसायाकडे थोडं वळावं लागेल. घाबरू नका, दहा मिनिटांच्या आत परत येऊ.

आपल्या दर्शनांत हा जुना वाद आहे. जमिनीवर घडा नाही. हे आपल्याला कळतं कसं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच. डोळ्यांनी जमीन दिसते तसाच घड्याचा अभावही दिसतो. प्राभाकर मीमांसक म्हणतात, अभाव वगैरे काही वेगळा पदार्थ नाही, नुसती जमीन दिसते एवढंच. आणि कुमारिल भट्ट म्हणतात, अभाव खरा आहे, पण तो इंद्रियांनी कळत नाही. त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानायला हवं. न मिळणं हेच इथे जाणण्याचं साधन. पण त्याला एक अट आहे, आणि आपल्या कामाची आहे ती अट. ती अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही.

ही अट तबकडीला लावून बघा. ड्रमचा अभाव कळायचा तर ड्रम असते तर कसे वाजले असते, हे माहीत हवं. नाहीतर प्राभाकरांची नुसती जमीन. सुदैवानं ते कळायची सोय आहे. १९४६ साली बेबी डॉड्सनं बोलत बोलत, एकट्यानं ड्रम वाजवून दाखवले आणि ते मुद्रित झालं. ते जरूर ऐका. ठोक्यांचे ते लोंढे, ती कडेवरची खुळखुळ, मोठ्या ड्रमची धडधड कानात साठवा, आणि मग १९२३ कडे परत या. टक् टक् ऐकताच कळतं, की हा माणूस एका हाताला दोरी बांधून वाजवतोय. जाणकार कान म्हणजे आणखी काय? जे आहे ते सगळेच ऐकतात. काय असायला हवं होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच नसणं ऐकू येतं. आपल्या खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांत ख्यालाचा विस्तार नाही, हे आपल्याला लगेच जाणवतं, कारण ख्यालाची मैफल आपण अजूनही ऐकतो. तीच तबकडी परक्या माणसानं ऐकली तर त्याला वाटेल, राग एवढाच असतो.

आता पेटीचं काम काय ते कळतं. स्वच्छ केलेली आवृत्ती वाईट नाही, पण तिच्यात एक धोका आहे. खरखर गेली, आवाज भरला, की आपण समजतो, चित्र पूर्ण आहे. खोली उजळल्याचा भास होतो आणि घडा शोधायचं आपण विसरतो. ही पेटी तसं विसरू देत नाही. हिचं अपुरेपण उघडं आहे. खर्ज नाही, टीप दबलेली, वरून खरखर, आणि तीन मिनिटांनी सगळं बंद. आपण एका भोकातून बघतोय हे ती सतत सांगत राहते. तिच्यामुळे खरा आवाज मिळत नाही, पण आवाजाची मर्यादा खरी मिळते. आमचा आनंद तिथे आहे.

पण इथे थांबलो तर तो लबाडपणा होईल. कारण काही अभाव कितीही तयार कानाला ऐकू येत नाहीत.

रिचमंडकडेच परत जाऊ. १९२०च्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅनचं जबरदस्त वर्चस्व होतं. काळ्यांचा द्वेष हाच ज्या संघटनेचा पाया, ती. आणि जेनेट कंपनी पैसे घेऊन बाहेरच्यांच्या तबकड्या दाबून देई, त्यात क्लॅनच्या प्रचारगीतांच्या तबकड्याही होत्या. त्याच कंपनीत, त्याच दशकात, त्याच लाखेतून. ऑलिव्हरच्या तबकडीत यातलं काय ऐकू येतं? काहीही नाही. सात जण शिकागोहून आले, वाजवलं, परत गेले. गावातून जाताना त्यांना काय वाटलं, हे रेघेत कुठेच नाही. असतं तर ऐकू आलं असतं, असं आपण म्हणू शकत नाही. अनुपलब्धीची अट इथे पुरी होत नाही. खोली अंधारी आहे.

मग दुसरं प्रमाण लागतं. शब्द. कोणीतरी सांगावं लागतं, लिहावं लागतं, आपण वाचावं लागतं. ‘आम्ही नुसतं संगीत ऐकतो, बाकीच्या गोष्टींशी आम्हाला देणंघेणं नाही,’ असं म्हणणारे रसिक आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांना नम्रपणे सांगायचंय: तुमचा कान खोटा नाही, पण एकट्या कानावर विसंबून बसलात तर यंत्रानं जे गाळलं तेच तुम्हीही गाळता. आणि दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. थिओडोर आडोर्नो हा जर्मन तत्त्वज्ञ. १९३६ साली त्यानं टोपणनावानं जॅझवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की यातलं स्वातंत्र्य वरवरचं, खाली ठोका ठरलेलाच, नटवलेला माल आहे हा. आडोर्नोला बाजार कळला होता, यात शंका नाही. पण त्याच्या टीकेत ऑलिव्हरच्या त्या काटकसरीला जागा नाही, आणि ताल ज्यांच्याकडून काढून घेतला होता त्यांनी उरलेल्या टक् टक्‌मधून काय उभं केलं, हे त्यात कुठे येत नाही. त्याला शब्द पुरला, कान कमी पडला. आपल्याला दोन्ही हवेत.

आणखी एक तबकडी, फार प्रेमाची. जानेवारी १९२५, न्यूयॉर्क, कोलंबिया कंपनी. ‘सेंट लुई ब्लूज’. गाणारी बेसी स्मिथ, कॉर्नेटवर आर्मस्ट्राँग, आणि तिसरं वाद्य कोणतं असेल? हार्मोनियम! फ्रेड लाँगशॉ नावाचे वादक. हसू नका, आपलीच पायपेटीची जातकुळी. एवढी तिघंच. हे मुद्रणही कर्ण्यातूनच झालेलं, वीज यायला काही आठवडेच उरले होते.

आपल्याकडे हार्मोनियमवर काय आरोप होता? मींड नाही, श्रुती नाहीत, स्वर ठोकळेबाज. त्यापायी आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवलं. या तबकडीत तोच दोष गुण झालाय. पेटी स्थिर स्वर धरून बसते, सपाट, हलत नाही. आणि बेसी स्मिथ गंधार घेते तो ना कोमल ना शुद्ध, खालून सरकत येतो आणि पोचायच्या आधीच वळतो. मागे तो निश्चल स्वर नसता तर हे सरकणं इतकं कळलं नसतं. तिच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत आर्मस्ट्राँग उत्तर देतो. संगत कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे. ओळ संपल्याशिवाय शिरायचं नाही, शिरलं तर जास्त बोलायचं नाही, आणि बाई पुन्हा गायला लागल्या की पायरीवरून उतरून बाजूला व्हायचं. ड्रम इथेही नाहीत. पण इथे ते नसणं खुपत नाही. म्हणून म्हणतो, प्रत्येक अभाव म्हणजे उणीव नव्हे. १९२३ मध्ये ताल काढून घेतला होता. १९२५ मध्ये तो मुळात मागितलाच नव्हता. दोन्ही ठिकाणी ठोका नाही, पण एक नसणं लादलेलं, एक निवडलेलं. टीकाकाराचं अर्धं काम हा फरक ओळखण्यात जातं.

आता आमची स्वतःची तबकडी. ही. ‘वेस्ट एंड ब्लूज’. रचना ऑलिव्हरची, वादन आर्मस्ट्राँग आणि त्याच्या हॉट फाइव्हचं. शिकागो, २८ जून १९२८. तोपर्यंत विजेचं मुद्रण आलं होतं. ही प्रत पार्लोफोनची आहे, मुंबईच्या चोरबाजारात घेतलेली. मुंबईत ती कोणी आणली असेल, कोण ऐकत असेल, माहीत नाही, पण आश्चर्य वाटायला नको. शिकागोत १९२६ साली एर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगसोबत पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड चालवत होता. आणि गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना लोक हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ऐकू येणाऱ्या त्या ट्रम्पेटची वाट अशा तबकड्यांतून आलेली आहे.

सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटा, कोणाच्याही साथीविना. ठोका नाही, स्वराचा आधार नाही. बारा-तेरा सेकंदांत तो चढतो, वळतो, उतरतो. ज्याला पाच वर्षांपूर्वी कोपऱ्यात उभं केलं होतं, तो आता कर्ण्याच्या तोंडाशी आहे असं समजा. शेवटी शेवटी एक तारस्वर तो चार मात्रांच्या चार आवर्तनांइतका धरून ठेवतो, आणि खाली अर्ल हाइन्सचा पियानो आणि बाकीचे त्याला हळूच तोलून धरतात.

ही तबकडी आम्ही खराब केली आहे. नव्यानं नोकरीला लागलो होतो, पगार बेताचा होता. सुयांची डबी मिळायची तीही शोधून शोधून. म्हणून एक सुई आम्ही दहा-दहा वेळा वापरली. काय होतं त्यानं? सुई एकदा झिजली की तिला धार येते, आणि ती धार रेघ कापत जाते. वर साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमच्या आसपासचं वजन. आजच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई दोनेक ग्रॅमनं टेकते. सुईनं झिजायचं, तबकडीनं नाही, हा नियम आम्ही उलटा केला. रोज रात्री, आनंदानं. आणि झिजलं काय? जिथे आवाज सर्वांत मोठा तिथेच रेघ आधी फाटते. तो तारस्वर. आता तिथे स्वराऐवजी चिरकणं आहे. आम्हाला जे सर्वांत प्रिय होतं तेच आम्ही ऐकून ऐकून संपवलं.

शिकागोच्या गृहस्थांचा दंडक त्या वेळी आम्हाला कंजूषपणाचा वाटला होता. आता वाटत नाही. इथे ऐकणं म्हणजे खर्च करणं आहे. फोनवर एक गाणं हजार वेळा ऐका, त्याचं काही जात नाही, आपलंही काही जात नाही. म्हणून ते अर्धवट ऐकलं जातं, भांडी घासताना, बसमध्ये. त्यात पाप नाही. पण उपज म्हणजे काय? जे एकदा वाजलं आणि गेलं. तबकडीनं ते टिकवलं खरं, पण या पेटीवर ती लावली की त्यातलं थोडं पुन्हा जातं. त्या दुपारच्या वाजवण्यासारखं हे ऐकणंही परत मिळत नाही. एवढ्यापुरतं, फक्त एवढ्यापुरतं, चावीचं यंत्र जॅझच्या अधिक जवळ आहे.

आणि एक शेवटचं. आमच्या कानांना आता वरच्या पट्टीतलं फारसं ऐकू येत नाही. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला तेव्हा आम्ही म्हटलं, अहो, हा तर जुन्या साउंडबॉक्सचा आलेख झाला. (हशा.) हसण्यावारी नेलं, पण घरी आल्यावर ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावली आणि त्या तारस्वराशी कळेना, की चिरकतंय ते रेघेत, की आमच्या कानात, की स्वर आहे आणि आम्हालाच पोचत नाही. योग्यतेची अट आमच्याच बाबतीत डळमळली. मग नातीला बोलावलं आणि विचारलं, तुला काय ऐकू येतंय? ती म्हणाली, ‘आजोबा, स्वर आहे, पण फाटलाय.’ तिच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला. शब्दप्रमाण.

तर आता लावतो. नवी सुई आहे ही, शंका नको. तिच्या कामी लागलेली आमची एक बाजू आज कमी होईल, होऊ दे. विनंती एवढीच, की सुरुवातीचं एकट्याचं वादन झाल्यावर बँड येतो, तेव्हा ड्रमवाला झुटी सिंगल्टन काय वाजवतो त्याकडे लक्ष ठेवा. मोठा ड्रम शोधा. सापडला नाही तर तो नव्हता, की होता आणि पोचला नाही, हे ठरवायचा प्रयत्न करा. विजेचं मुद्रण आहे हे विसरू नका. जे हे व्याख्यान नंतर वाचतील त्यांनी फोनवर ऐकावं, चालेल. फक्त एकदा, दुसरं काही न करता.

(इथे ध्वनिमुद्रिका वाजवण्यात आली. संपल्यावर श्रोत्यांपैकी एकांनी ती पुन्हा लावण्याची विनंती केली.)

नाही हो. आज एवढंच. पण तुम्हाला ड्रम ऐकू आले का, ते आधी सांगा.